मारिओ बावाचे भयपट: नव्या प्रेक्षकासाठी वाटाड्या

मारिओ बावाचा सिनेमा पहिल्यांदा लावणारे बरेच जण तो अर्ध्यावर सोडून देतात. ओठ एक बोलतात, आवाज भलताच येतो. पात्रं जिथे जाऊ नये तिथेच एकटी जातात. कथेचा धागा मध्येच सुटतो आणि त्याची कुणाला फिकीर दिसत नाही. माझंही पहिल्या वेळी असंच झालं. काटछाट केलेली, रंग उडालेली प्रत मी भर दुपारी पडदे उघडे ठेवून पाहिली आणि पुढची दोन वर्षं या दिग्दर्शकाच्या वाटेला गेलो नाही. त्या दोन वर्षांची हळहळ मला अजून वाटते. म्हणून हा लेख: काय आधी बघायचं, काय मागे ठेवायचं, कोणती प्रत घ्यायची आणि बघताना डोळा कुठे ठेवायचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. बावा मुळात कॅमेरामन होता. 1914 मध्ये इटलीतल्या सानरेमोला त्याचा जन्म झाला. वडील एउजेनिओ बावा शिल्पकार, आणि मूकपटांच्या काळापासून छायाचित्रण आणि ट्रिक सीनची कामं करणारे. मारिओला चित्रकार व्हायचं होतं, पण पोटासाठी तो वडिलांच्याच धंद्यात आला आणि जवळजवळ वीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांना प्रकाश देत राहिला. दिग्दर्शक म्हणून त्याच्या स्वतःच्या नावाने पहिला भयपट आला तेव्हा पंचेचाळिशी उलटून गेली होती. त्यामुळे त्याच्या सिनेमातली भीती कथेत शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. ती उजेडात आहे. कोण कुणाचा पुतण्या आणि वाडा कुणाच्या नावावर, हे सुटलं तरी चालेल. उजेड कुठून येतोय हे मात्र सुटू देऊ नका.

पहिली पायरी: खोली आणि पडदा

रात्री बघा, खोलीत पूर्ण अंधार करून. हे मी वातावरणनिर्मितीसाठी सांगत नाही. बावाच्या चौकटीत निम्मा भाग बहुतेक वेळा काळा असतो आणि त्या काळ्यातच काहीतरी ठेवलेलं असतं. खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब टीव्हीवर पडलं की ते पहिलं दिसेनासं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र आपोआप उजळवणारा किंवा हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. फोनवर बघू नका. दुसरं काही साधन नसेल तर निदान लॅपटॉप घ्या आणि हेडफोन लावा, कारण पुढे मी सुचवलेल्या पहिल्याच कथेत आवाजाला मोठं काम आहे.

दुसरी पायरी: कोणती प्रत

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बावाचा एकेक सिनेमा चार-पाच नावांनी फिरतो. इटलीत एक नाव, अमेरिकेत दुसरं, ब्रिटनमध्ये तिसरं. 1971 चा 'अ बे ऑफ ब्लड' इटलीत 'रेआत्सिओने आ कातेना' होता, अमेरिकेत तो 'ट्विच ऑफ द डेथ नर्व्ह' झाला, शिवाय आणखी नावं आहेतच. दोन वेगळे सिनेमे समजून एकच सिनेमा दोनदा विकत घेणारे लोक मला माहीत आहेत. नावावर न जाता वर्ष आणि कलाकार जुळवून बघा.

नाव बदलतं तसा कधी कधी आतला सिनेमाही बदलतो. साठच्या दशकात अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी त्याचे सिनेमे अमेरिकेत आणायची. प्रसंग कापायची, संवाद बदलायची आणि रोबेर्तो निकोलोझी यांचं मूळ संगीत काढून लेस बॅक्स्टर यांचं घालायची. 1963 च्या 'ब्लॅक सॅबथ'मध्ये तर तीन कथांचा क्रमच फिरवला आणि टेलिफोनच्या कथेत मुळात नसलेलं भूत आणून बसवलं. म्हणून नियम सोपा: इटालियन आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या, सबटायटल लावून.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत त्याचं कारणही इथेच सांगून टाकतो. त्या काळच्या इटालियन सिनेमात संवाद चित्रीकरणानंतर स्टुडिओत डब व्हायचे. सेटवर अमेरिकन नट इंग्रजीत बोलतोय, स्पॅनिश नट स्पॅनिशमध्ये, असं सर्रास चालायचं. 1965 च्या 'प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स'मध्ये अमेरिकन, ब्राझिलियन आणि स्पॅनिश नट एकमेकांची भाषा न कळता एकाच यानात उभे आहेत. म्हणजे 'खरा' आवाज असा कोणताच नाही, आणि हे एकदा कळलं की ओठांकडे लक्ष जायचं थांबतं. एक अपवाद: 'ब्लॅक सॅबथ'चा निवेदक, भयपटांत गाजलेला नट बोरिस कार्लोफ, याचा स्वतःचा आवाज फक्त इंग्रजी प्रतीत आहे. तो ऐकायला ती प्रत नंतर कधीतरी जरूर बघा, पण आधी नको.

तिसरी पायरी: अर्ध्या तासाची एकच कथा

पहिल्या रात्री पूर्ण सिनेमा बघू नका. 'ब्लॅक सॅबथ'ची इटालियन प्रत घ्या, तिचं मूळ नाव 'ई त्रे व्होल्ती देल्ला पाउरा', म्हणजे भीतीचे तीन चेहरे. तीन कथांपैकी शेवटची लावा, पाण्याच्या थेंबाची. ती संपली की लगेच थांबवा. त्यानंतर कार्लोफ निरोप घ्यायला येतो. ती दोन मिनिटं आज बघायची नाहीत. ती राखून ठेवा, कारण या लेखाच्या शेवटी आपण परत तिथे येणार आहोत.

कथा साधी आहे. रात्री एका नर्सला बोलावणं येतं. मृतात्म्यांशी बोलणारी एक म्हातारी वारली आहे, तिला कपडे घालायचे आहेत. मृतदेहाच्या बोटात अंगठी आहे आणि नर्स ती काढून घेते. काढताना धक्का लागून पेला कलंडतो, पाणी थेंब थेंब गळायला लागतं, आणि एक माशी येऊन नेमकी त्या उघड्या पडलेल्या बोटावर बसते. एवढंच भांडवल. अंगठी, थेंब आणि माशी.

आता नर्स घरी येते तिथे नीट बघा. खिडकीबाहेरून रंगीत उजेड येतोय, लागतो-विझतो, लागतो-विझतो. कथेचा काळ जुना आहे. रस्त्यावर असा झगमगता दिवा असायचं काहीच कारण नाही, आणि बावा त्याचा खुलासा देत नाही. पण त्या लुकलुकण्यामुळे प्रत्येक सेकंदाला खोलीचा अर्धा भाग नाहीसा होतो आणि परत येतो. परत आला की आपण तो तपासतो: मघाशी होतं तसंच आहे ना सगळं? बावा आपल्याला पहारेकऱ्याच्या कामाला लावतो. वरून थेंबाचा आवाज. तो नळ बंद केला की मोरीतून येतो, तिथलं थांबवलं की दुसरीकडून. मग एका क्षणी ती म्हातारी दिसते.

तिचा चेहरा घडवलेला आहे हे सरळ दिसतं. जिवंत माणसाचा चेहरा असा नसतो. तरीही मी पाच-सहा वेळा ही कथा पाहिली असेल आणि तो चेहरा समोर आला की दर वेळी माझा श्वास अडकतो. मला वाटतं, चेहरा खोटा आहे म्हणूनच तो लागतो. त्याच्यावरचे भाव बदलत नाहीत, डोळे मिटत नाहीत. नटी कितीही चांगली असली तरी श्वास घेतेच, आणि हा चेहरा घेत नाही.

ही कथा आवडली नाही तर बावा बहुधा तुमच्यासाठी नाही. आवडली तर पुढे चला.

चौथी पायरी: काळा-पांढरा बावा

आता पूर्ण लांबीचा सिनेमा. 1960 चा 'ब्लॅक संडे', मूळ नाव 'ला मास्केरा देल देमोनिओ', म्हणजे सैतानाचा मुखवटा. निकोलाय गोगोलच्या 'व्ही' या कथेवरून घेतलेला, पण अगदी सैलपणे. चेटकीण ठरवून मारलेली एक राजघराण्यातली बाई दोनशे वर्षांनी जागी होते आणि आपल्यासारख्याच दिसणाऱ्या तरुण वंशजेवर तिची नजर जाते. दोन्ही भूमिका बार्बरा स्टीलने केल्या आहेत.

सुरुवातीची पाच मिनिटं अवघड आहेत हे आधीच सांगतो. आतल्या बाजूने खिळे असलेला लोखंडी मुखवटा बाईच्या तोंडासमोर आणतात, आणि कॅमेरा तिच्या जागी उभा आहे, म्हणजे खिळे आपल्याकडे येतात. मग हातोडा. ब्रिटनच्या सेन्सॉरने हा सिनेमा 1968 पर्यंत थिएटरात येऊ दिला नव्हता. आजच्या मानाने रक्त कमी आहे, पण घाव मनावर बसतो. ती पाच मिनिटं ओलांडली की पुढचा सिनेमा धुकं, कमानी आणि मेणबत्त्यांचा आहे. रात्रीच्या जंगलातून एक घोडागाडी येते तो प्रसंग चुकवू नका. गाडी संथ गतीत धावते आणि चाकांचा, टापांचा आवाज जवळजवळ नाहीच. डोळ्यांना वेग दिसतो आणि कानाला काहीच मिळत नाही, त्यामुळे गाडी या जगातली वाटत नाही.

याच सिनेमात चेहरा बदलण्याची ती प्रसिद्ध करामत आहे. तिची गोष्ट तीन वर्षं मागची. 1957 मध्ये आलेल्या 'ई व्हांपीरी'चे दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा होते आणि कॅमेरा बावाकडे होता. फ्रेदा काम अर्ध्यावर सोडून गेले आणि उरलेला सिनेमा बावाने पुरा केला. त्यात एक सुंदर बाई आपल्या डोळ्यांसमोर म्हातारी होते. कट नाही, एकावर एक चित्रं विरघळवणं नाही, एकाच शॉटमध्ये सुरकुत्या उमटत जातात. ही जादू रंगाची आहे, आणि सिनेमा काळा-पांढरा आहे म्हणूनच ती चालते. सुरकुत्या चेहऱ्यावर लाल रंगाने आधीच काढलेल्या असतात. लाल उजेडात त्वचाही उजळ आणि लाल रेषाही तितक्याच उजळ, त्यामुळे रेषा दिसत नाहीत. मग लाल उजेड हळूहळू काढून हिरवा किंवा निळा आणायचा. लाल रेषा तो उजेड परत फेकत नाहीत, म्हणून काळ्या पडतात. उजेडाचा रंग बदलला हे काळ्या-पांढऱ्या फिल्मला कळत नाही. तिला फक्त सुरकुत्या आलेल्या कळतात.

हे घरी करून बघा, अगदी मनापासून सांगतो. दोन टॉर्च घ्या. एकीला लाल पारदर्शक जिलेटीन कागद लावा, दुसरीला हिरवा. कुणाच्या तरी डोळ्यांखाली आणि कपाळावर लाल पेन्सिलीने रेषा काढा. रंग उजळ लाल हवा; मरून घेतलात तर तो लाल उजेडातही दिसतो, माझा पहिला प्रयत्न त्यामुळेच फसला. खोलीत अंधार करा, फोनचा कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर ठेवा, लाल टॉर्च चेहऱ्यावर धरा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आता लाल टॉर्च सावकाश बाजूला नेत हिरवी आणा. दोन्ही उजेड एकत्र असण्याचा काळ जितका लांबवाल तितक्या रेषा आतून वर आल्यासारख्या दिसतील. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंत की 'ब्लॅक संडे'च्या शेवटाकडे बार्बरा स्टीलचा चेहरा वेगळ्याच डोळ्यांनी बघाल.

पाचवी पायरी: रंग

1964 चा 'ब्लड अँड ब्लॅक लेस'. इटालियन नावाचा अर्थ 'खुन्यासाठी सहा बायका'. एका फॅशन हाउसमध्ये मॉडेल मुलींचे एकामागून एक खून होतात. खुनी रेनकोट आणि हॅट घालतो आणि त्याच्या तोंडावर नाक-डोळे नसल्यासारखं पांढरं फडकं असतं. मेलेल्या एका मुलीची डायरी सगळ्यांना हवी आहे, कारण तिच्यात प्रत्येकाचं काहीतरी आहे.

इटलीत 1929 पासून मोंदादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात यायच्या, म्हणून तिथे रहस्यकथेलाच 'जाल्लो', म्हणजे पिवळा, म्हणतात. पुढे सत्तरच्या दशकात दारिओ आर्जेन्तो आणि इतरांनी जो जाल्लो सिनेमा गाजवला त्याचा पाया बावाने घातला: 1963 मध्ये रोममध्ये घडणाऱ्या 'द गर्ल हू न्यू टू मच'ने कथेचा, आणि या सिनेमाने रूपाचा. काळे हातमोजे, लपवलेला चेहरा, खुनाचा देखावा नृत्यासारखा बसवलेला, हे सगळं इथून पुढे गेलं.

बघताना एक काम करा. प्रत्येक खोलीत रंग मोजा. लाल, हिरवा, जांभळा, निळा यांतले किती एका चौकटीत आहेत आणि कोणता कुणावर पडलाय. जुन्या वस्तूंच्या दुकानातला प्रसंग आला की थांबा आणि परत लावा. तिथेही बाहेरून लुकलुकणारा उजेड आहे, पाण्याच्या थेंबाच्या कथेतलाच, पण इथे खोली मोठी आहे आणि सामानाने भरलेली आहे. मुलगी अंधारातून रंगात येते, रंगातून अंधारात जाते, आणि खुनी कुठल्या रंगात उभा आहे हे आपल्याला माहीत नसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. या सिनेमात बायकांचा छळ फार सुंदर करून दाखवला आहे, आणि ती सुंदरता मला आजही अस्वस्थ करते. ज्यांना असं बघवत नाही त्यांनी ही पायरी सरळ ओलांडावी. रंग बघण्यासाठी सहावी पायरीही पुरेशी आहे.

सहावी पायरी: चेंडू घेऊन आलेली मुलगी

मला एकच सिनेमा सुचवायचा झाला तर मी 1966 चा 'किल, बेबी... किल!' सुचवेन. इंग्रजी नाव अगदीच भडक आणि चुकीचं आहे. इटालियन नाव 'ओपेरात्सिओने पाउरा'. एका डोंगराळ गावात शवविच्छेदनासाठी एक डॉक्टर येतो. गावकरी प्रेताच्या काळजात नाणं ठेवून पुरतात, का ते सांगत नाहीत. ज्याला एक लहान गोरी मुलगी दिसते तो स्वतःच्याच हाताने मरतो.

रोमजवळच्या कालकाता या जुन्या गावात बरंच चित्रीकरण झालं. पैसे इतके कमी होते की मधेच संपले, तरीही लोकांनी काम पुरं केलं. पडद्यावर ती ओढाताण कुठेच दिसत नाही. त्या मुलीची भूमिका एका मुलाने केली आहे. ते सांगितल्याशिवाय कळत नाही, पण तिच्याकडे बघताना काहीतरी जागेवर नाही असं वाटत राहतं, त्याला हेही एक कारण असावं.

भूत म्हणजे काळं, विद्रूप, रात्रीचं, ही सवय बावाने इथे उलटी केली. मुलगी पांढऱ्या कपड्यात, हसरी, हातात चेंडू. आधी चेंडू येतो, टप्पे खात, कुणी न फेकता. मग हसू ऐकू येतं. एका जागी कॅमेरा पुढे-मागे झुलायला लागतो आणि आपल्याला समजत नाही काय चाललंय, मग दिसतं की मुलगी झोपाळ्यावर बसली आहे आणि इतका वेळ आपण तिच्या डोळ्यांनी बघत होतो. प्रसिद्ध इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीने 1968 मध्ये 'टोबी डॅमिट'मध्ये सैतान दाखवला तो चेंडू घेतलेल्या गोऱ्या मुलीच्या रूपात. दोन्ही पाठोपाठ बघा, बोलायची गरजच उरत नाही.

शेवटाकडे डॉक्टर वाड्यात एका माणसाच्या मागे धावतो. खोली, दार, पुन्हा तीच खोली, पुन्हा दार. पुढचा माणूस दर फेरीला थोडा जवळ येतो. शेवटी डॉक्टर त्याला गाठतो आणि वळवतो. तो कोण असतो ते सांगत नाही. एवढंच बघा की यात एकही महाग गोष्ट नाही. एक खोली, दोन दारं, एक नट आणि कात्री.

सातवी पायरी: यान, खाडी आणि उरलेले

'प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स' पाहताना कथेला फार भाव देऊ नका. दुसऱ्या सिनेमातून उरलेले प्लास्टिकचे दोन दगड, भरपूर धूर, आरसे आणि रंगीत दिवे, एवढ्यावर बावाने अख्खा ग्रह उभा केला. यानातल्या लोकांना एका परक्या जहाजात भलामोठा सांगाडा सापडतो. 1979 चा 'एलियन' पाहिलेल्या माणसाला तिथे चटकन ओळख पटते.

'अ बे ऑफ ब्लड' मात्र जपून. खाडीकाठच्या जमिनीच्या लोभापायी तेरा जण मरतात, आणि ती मरणं कार्लो रांबाल्दीच्या मेकअपमुळे फार खरी दिसतात. 'फ्रायडे द थर्टीन्थ'सारख्या अमेरिकन खूनपटांच्या लाटेने यातून उघड उघड उचललं आहे, 1981 च्या दुसऱ्या भागात तर एक खून जसाच्या तसा. बावाने यात कॅमेराही स्वतःच सांभाळला. ट्रॉलीला पैसे नव्हते म्हणून लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीवर कॅमेरा ठेवून शॉट घेतले. जंगल हवं होतं आणि जागेवर झाडं मोजकीच होती, म्हणून कॅमेऱ्यासमोरून फांद्या हलवल्या. ही फांद्यांची गोष्ट लक्षात ठेवा.

1973 चा 'लिसा अँड द डेव्हिल' लगेच बघू नका. स्पेनमधल्या तोलेदोच्या गल्ल्यांमध्ये वाट चुकलेली एक पर्यटक बाई आणि एका वाड्यातला बटलर, एवढ्यावर तो स्वप्नासारखा चालतो. बावाची सवय झालेल्या डोळ्यांनाच तो उलगडतो. खरेदी करताना सावध राहा. हा सिनेमा विकला गेला नाही म्हणून त्यात भूत उतरवण्याचे नवे प्रसंग घालून 1975 मध्ये तो 'द हाउस ऑफ एक्झॉर्सिझम' या नावाने आणला. ती मोडतोड आहे. ज्याने प्रत्येक चौकट हाताने रंगवली त्याच्या कामावर असा हात फिरवलेला बघताना वाईट वाटतं.

1974 चा 'रॅबिड डॉग्ज' भयपट नाही. पळणारे दरोडेखोर आणि ओलीस, जवळजवळ सगळा सिनेमा एका मोटारीत, कडक उन्हात. निर्मात्याचं दिवाळं निघालं आणि बावाच्या हयातीत तो पडद्यावर आलाच नाही; लोकांनी पाहिला तो नव्वदच्या दशकात. धूर नाही, रंगीत दिवे नाहीत, वाडा नाही, आणि तरी श्वास कोंडतो. बावा म्हणजे नुसती सजावट असं म्हणणाऱ्याला हा दाखवावा. बाईवरची दहशत यात फार उघडी आहे, तेवढं ध्यानात ठेवा. त्याचे वेस्टर्न आणि विनोदी सिनेमे सध्या बाजूला राहू द्या.

शेवटी 1977 चा 'शॉक'. थिएटरसाठी त्याने केलेला हा अखेरचा सिनेमा, आणि मुलगा लांबेर्तो त्याच्या मदतीला होता. यातला एक शॉट पन्नास वेळा पाहावा असा आहे. अरुंद बोळात आई उभी आहे. लहान मुलगा समोरून तिच्याकडे पळत येतो, तिला बिलगतो, आणि मिठीतून वर येतो तो तिचा मेलेला नवरा. एकही कट नाही. मूल अगदी जवळ आलं की चौकटीच्या खालच्या कडेखाली जातं, आणि तिथे आधीच वाकून बसलेला माणूस वर उठतो. वेळ अचूक साधली, बस. या माणसाने तेव्हा साठी ओलांडली होती. 1980 च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याआधी आर्जेन्तोच्या 'इन्फर्नो'च्या ट्रिक सीनसाठी त्याने हातभार लावला होता.

आठवी पायरी: दुसऱ्यांदा बघणं

पहिल्यांदा घाबरण्यासाठी, दुसऱ्यांदा हात बघण्यासाठी. एका वेळी पूर्ण सिनेमा नको, दहा मिनिटं घ्या. आवाज बंद करा. प्रत्येक शॉटला स्वतःला विचारा: दिवा कुठे ठेवला असेल? खोली खरंच एवढी मोठी आहे, की आरसा आहे? वाड्याचा वरचा मजला बांधलेला आहे, की कॅमेऱ्यापुढच्या काचेवर रंगवलेला? बावा काचेवर चित्र काढून किंवा फोटो कापून चिकटवून ती काच कॅमेरा आणि सेट यांच्या मध्ये धरायचा, आणि दोन भिंतींच्या सेटचा महाल व्हायचा. जिथे इमारतीच्या वरच्या अर्ध्या भागासमोरून कुणीच चालत जात नाही, तिथे काच असण्याची शक्यता जास्त. झूम मोजायला विसरू नका. तो झूम फार वापरायचा, कधी कधी गरजेपेक्षा जास्त, आणि ते मलाही खटकतं. पण रूळ टाकायला वेळ आणि पैसा नसलेल्या माणसाकडे जवळ जायला तोच मार्ग होता.

हे सगळं झालं की पहिल्या रात्री राखून ठेवलेली ती दोन मिनिटं लावा. 'ब्लॅक सॅबथ'ची इटालियन प्रत, पाण्याच्या थेंबाची कथा संपल्यानंतर. कार्लोफ रात्रीच्या जंगलातून घोड्यावर दौडत येतोय, वारा सुटलाय, झाडं मागे पळतायत. तो आपल्याशी बोलतो, निरोप घेतो. मग कॅमेरा मागे सरकायला लागतो. घोड्याला पाय नाहीत, ती लाकडी बैठक आहे. पंखा दिसतो, दिवे दिसतात. आणि कार्लोफभोवती स्टुडिओतली माणसं हातात फांद्या घेऊन गोल गोल धावत असतात, एक कॅमेऱ्यासमोरून गेला की लगेच दुसरा. तिथे सिनेमा थांबवा आणि मागे घ्या. या वेळी कार्लोफकडे न बघता फांद्यांकडे बघा, आणि धावणारे एकूण किती जण आहेत ते मोजा.